मलप्पुरम जिल्ह्यातली घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा: आमच्या घरचा अनुभव

केरळात गलाईच्या धंद्यात असलेल्या आपल्या माणसांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली कितीतरी कुटुंबं कोझिकोड, त्रिशूर, पालक्काड, मलप्पुरम इथं सोनं-चांदी गाळून पोट भरतात. आपली आई-वडिलांची पिढी आता थकली. गावाकडं बघायला कुणी उरत नाही म्हणून आपण त्यांना इकडं आणतो, आणि दुखणं बरं न होणारं निघालं की परमुलखात काय करायचं ते सुचत नाही. माझे सासरे, आबा, यांच्या शेवटच्या महिन्यांत आम्हाला इथल्या पॅलिएटिव्ह क्लिनिकची सेवा मिळाली. क्लिनिकचं नाव देत नाही, कारण मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्लिनिकं गावोगावी आहेत आणि मला सांगायचंय ते एका क्लिनिकपुरतं नाही.

आधी सेवा काय आहे ते सांगते. बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला दुखू नये, जखम स्वच्छ राहावी, श्वास लागू नये, आणि घरच्यांनी कोलमडू नये, यासाठी नर्स आणि कार्यकर्ते ठरल्या दिवशी घरी येतात. डॉक्टर मधून मधून येतात. नुसता कॅन्सर नाही. अर्धांगवायू झालेले, मणका मोडून अंथरुणाला खिळलेले, किडनी गेलेले, अगदी म्हातारपणानं पडून असलेलेही त्यांच्या यादीत असतात. आमच्या क्लिनिकला खाटा नाहीत. बस स्टँडमागं तीन खोल्या, एक औषधांचं कपाट, एक गाडी, आणि भिंतीला टेकवलेल्या व्हीलचेअर, वॉकर, एअर बेडच्या घड्या. पेशंटकडून पैसे घेत नाहीत. आमच्याकडून एक रुपया घेतला नाही, आणि दुकान आहे म्हणून वेगळी वागणूकही दिली नाही.

आबांना गालाचा कॅन्सर होता. आयुष्यभर तंबाखू. गावाकडं असताना एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षाच्या आत गाठ परत आली. मग तिथं एक कागद हातात मिळाला, "आता घरी न्या" एवढं तोंडी सांगितलं, आणि दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्या दोन तासही टिकत नव्हत्या. मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसनं त्यांना इकडं आणलं. पहिले काही आठवडे घरात कुणीच झोपलं नाही. आबा भिंतीला डोकं टेकवून बसून राहायचे. आडवं झालं की ठणका वाढायचा. नातवंडं शेजारच्या खोलीत अभ्यास करायची, तर आपला आवाज जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडावर धरायचे. माझ्यासाठी या आजाराचं सगळ्यात वाईट रूप तेच होतं, जखम नव्हे.

आमच्या दुकानाच्या काउंटरवर त्या क्लिनिकचा पैशाचा डबा किती वर्षांपासून होता. सगळ्यांच्याच काउंटरवर असतो. ह्यांनी त्यावरचा नंबर फिरवला. दोनच दिवसांत गाडी दारात आली.

सिस्टर आल्या त्या आबांच्या पलंगापाशी खालीच बसल्या. फाइल नंतर मागितली. आधी विचारलं, रात्री झोप कशी आहे, काय खावंसं वाटतं, दहापैकी किती दुखतं ते बोटांनी दाखवा. आबांनी दोन्ही हातांची सगळी बोटं दाखवली आणि परत दाखवली. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि मी शेवटची सलग कधी झोपले ते विचारलं. इतके डॉक्टर पाहिले होते, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढच्या भेटीला डॉक्टर आले आणि मॉर्फीनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या, तीव्र दुखणं शमवणाऱ्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. याबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण आपल्याकडं या औषधाची भीती फार. गावाहून चुलत सासऱ्यांचा फोन आला, "म्हाताऱ्याला अफू देताय व्हय?" सिस्टरनी जे समजावलं ते असं: डॉक्टरच्या देखरेखीखाली दुखण्याला लागेल तेवढंच दिलं तर माणूस त्याच्या नादी लागत नाही. दुखणं वाढलं तर गोळी वाढवतात, कमी झालं तर उतरवतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, ते जातं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर चालू ठेवायचं. आणि गोळी दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळावर द्यायची. आबांसाठी त्यांनी वेळा लिहून दिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. हे आबांचं गणित, प्रत्येकाचं वेगळं असतं. गिळता येईना तेव्हा तीच गोळी कुटून नाकातल्या नळीवाटे द्यायला शिकवलं.

गोळ्या सुरू झाल्यावर आबा आडवे होऊन झोपले. त्यांचं बोलणं तोवर अस्पष्ट झालं होतं, म्हणून धाकटीची पाटी त्यांच्या उशाशी ठेवलेली असायची. सकाळी त्यावर लिहिलेलं होतं, "झोप लागली. पोरास्नी शाळंला सोडाय म्या जातो." जाता येणार नव्हतं, पण जावंसं वाटलं होतं.

मॉर्फीन काही महाग औषध नाही. आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यावर अफू पिकते. तरी ते बहुतेक गावांत मिळत नाही, याचं कारण 1985 चा अमली पदार्थांचा कायदा. एवढे परवाने लागायचे की हॉस्पिटलांनी औषध ठेवणंच सोडलं. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, तेव्हापासून इथली माणसं या औषधासाठी झगडत आली. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मार्ग बराच सोपा झाला. राजगोपालांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या क्लिनिकमध्ये प्रत्येक गोळीची वहीत नोंद होते, सही घेतात, आणि उरलेल्या गोळ्या परत मागून घेतात. हे काटेकोरपण मला आवडलं. औषध घराघरांत पोचतं आणि तरी वाऱ्यावर सुटत नाही.

आता जखमेविषयी. हे वाचताना कुणाला कसंतरी वाटेल, पण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना याचीच माहिती हवी असते. गालाची गाठ बाहेर फुटली होती आणि वास इतका की घरात जेवण जाईना. आबांना ते कळायचं. कुणी आलं की ते स्वतःच खिडकीकडं तोंड करून बसायचे. सिस्टरनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून शिकवलं: पाणी मीठ घालून उकळायचं, झाकून निवू द्यायचं, त्यानं जखम धुवायची, घासायची नाही. मग मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर पसरायची, वर ओलसर गॉज. चिकटलेलं ड्रेसिंग ओढायचं नाही, पाणी सोडून सुटू द्यायचं. आठवड्याभरात वास जवळजवळ गेला. गॉजच्या घड्या क्लिनिकमध्ये बायका बसून कापतात, मग निर्जंतुक करून डब्यात भरतात. दर भेटीला तो डबा भरून मिळायचा. बाहेर विकत घेऊन रोजचं ड्रेसिंग चालवायचं म्हटलं असतं तर महिन्याचं बजेट कोसळलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली. मानेजवळची जखम आहे, कधीतरी जोरात रक्त येऊ शकतं. गडद रंगाचे टॉवेल पलंगापाशी ठेवा, पांढरे नको. पांढऱ्यावर रक्त फार दिसतं आणि पेशंट घाबरतो. कुणी दाबून धरायचं, कुणी फोन करायचा, मुलांना कुणी बाहेर न्यायचं, हे सगळं ठरवून घेतलं. वाईट काय होऊ शकतं ते आधी कुणी सांगितल्यानं माझी भीती वाढली नाही, उलट हाताला काम मिळालं.

गाडीतून सिस्टरबरोबर येणाऱ्या कार्यकर्त्यांत एक शिवणकाम करणारी चेची (मल्याळममध्ये ताई), एक निवृत्त मास्तर आणि एक इक्का (इथल्या मुस्लिमांत मोठा भाऊ) असायचे. इक्कांनी तरुणपणी बरीच वर्षं मुंबईत भायखळ्याला बेकरीत काम केलेलं. त्यांचं मराठी मोडकं, पण धाडसी. आबांना घरच्यांखेरीज कुणाशी बोलता येत नव्हतं. मल्याळम त्यांना यायचं नाही आणि हिंदी जेमतेम. इक्का आले की आबा पलंगावर उठून बसायचे. दोघांचं मुख्य बोलणं पावसावर आणि पाव किती आण्याला मिळायचा यावर. सिस्टर ड्रेसिंग करत असताना इक्का बोलत राहायचे, त्यामुळं आबांचं जखमेकडं लक्ष राहायचं नाही.

घरच्यांनी आबांना आजार सांगितला नव्हता. रेडिएशननं जखम झालीय, भरून येईल, असंच आम्ही म्हणायचो. कोइमतूरला असलेल्या माझ्या दिरांचा हट्ट होता की अजिबात कळू द्यायचं नाही. सिस्टरनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. दीर चिडले. सेवा बंद करा इथपर्यंत बोलणं गेलं. सिस्टर पुढच्या भेटीला नेहमीच्या वेळेला आल्या.

आबांनी विचारलंच. पाटीवर लिहिलं, "बरं व्हणार हाय का न्हाई." इक्कांनी ते सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आबांनी मान हलवली, नाही अशी. मग त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आजार जाणार नाही. पण दुखू देणार नाही आणि येणं थांबवणार नाही. इक्कांनी ते मराठीत सांगताना सिस्टरचा हात आबांच्या मनगटावर होता. आबा रडले नाहीत. त्यांनी पाटी पुसली आणि लिहायला सुरुवात केली: कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, विहिरीतला हिस्सा कुणाचा किती, खालच्या वावराचा बांध कुणी कोरलाय. पाटी भरली की धाकटी ते वहीत उतरवून घ्यायची. दिरांना बोलावून घेतलं, दोन्ही भावांना समोर बसवून ती वही वाचायला लावली. त्या वहीमुळं आज आमच्या घरात वाटणीचा वाद नाही. दीर नंतर सिस्टरना स्वतः स्टेशनवरून केळ्याचे वेफर्स घेऊन भेटायला गेले.

हे सगळं चालतं कशावर, हे मला आधी माहीत नव्हतं. डब्यात नाणी टाकायचो एवढंच. शासनाचा भाग आहे: केरळनं 2008 साली पॅलिएटिव्ह धोरण केलं, भारतात पहिलं, आणि तेव्हापासून ग्रामपंचायती नर्स नेमून घरभेटी करवतात. पण त्याच्या आधीपासून, 2000 सालाच्या आसपास, मलप्पुरममध्ये लोकांनीच हे काम अंगावर घेतलं होतं. मोठ्या हॉस्पिटलपर्यंत येता न येणारा पेशंट घरीच तळमळतो हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि शेजाऱ्यांनाच शिकवलं तर, असा विचार निघाला. कार्यकर्त्यांना सोळा तासांचं शिक्षण देतात, मग नर्सबरोबर घरभेटींना नेतात, मगच स्वतंत्र काम. पैसा बराचसा गावातलाच. दुकानांतले डबे, रमजानमधली देणगी, आखातात गेलेल्या मुलांनी पाठवलेले पैसे, लग्नात आहेराऐवजी दिलेली रक्कम. 15 जानेवारीला इथं पॅलिएटिव्ह दिवस असतो, त्या दिवशी शाळेची मुलं डबे घेऊन बाजारभर फिरतात; माझा मोठाही फिरला. आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी बाई दर महिन्याला पन्नास रुपये देते. तिच्या नवऱ्याला याच क्लिनिकनं शेवटपर्यंत पाहिलं होतं. आबांच्या आधी तो एअर बेड कुणाच्या घरी होता ते मला ठाऊक आहे, आणि आमच्याकडून तो धुऊन, वाळवून कुणाकडं गेला तेही. ज्या घरात कमावणारा पडलाय तिथं तांदळाची पिशवी आणि मुलांच्या वह्याही जातात. आम्हालाही विचारलं होतं, आम्ही नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला नाही.

म्हणूनच मला वाटतं की ही सेवा दुसऱ्या कुठल्या मोफत दवाखान्यापेक्षा वेगळी आहे. गाडी दारात थांबली की उपकार घेतल्यासारखं वाटत नाही. मासेवालीचे पन्नास आणि आमच्या काउंटरवरची नाणी मिळून ती गाडी चाललेली असते, त्यामुळं माणूस हक्कानं बोलावतो आणि येणारा हक्कानं स्वयंपाकघरापर्यंत येतो.

उणं काय ते पण लिहिते. रात्रीची सोय कमी. फोन कार्यकर्ते उचलतात, काय करायचं ते सांगतात, पण गाडी सकाळीच येते. आबांना एकदा रात्री रक्त आलं तेव्हा टॉवेल दाबून आम्ही दोघं पहाटेपर्यंत बसलो. शिकवलेलं होतं म्हणून निभावलं, तरी ती रात्र कुणावर येऊ नये. दुसरं, सगळ्या गावाला कळतं. बाजारात भाजी घेताना ओळख नसलेली बाई "जखम आता कशी आहे" म्हणून विचारते. तिला कळकळ असते हे मान्य, पण मला ते जड गेलं, आणि जे आजार लोक लपवतात त्या घरांना अजून जड जात असणार. तिसरं, सूचनांचे कागद फक्त मल्याळममध्ये. मी सिस्टरबरोबर बसून गोळ्यांच्या वेळा, ड्रेसिंग, तोंडाची स्वच्छता आणि रक्त आल्यावर काय करायचं, हे मराठीत लिहून काढलं. क्लिनिकमध्ये त्याच्या प्रती ठेवल्यात, आपल्यापैकी कुणालाही मिळतील. पाचपैकी साडेचार मी देईन. अर्धा गुण रात्रीसाठी राखून ठेवते.

आबा घरीच गेले, दुपारी, सगळे जवळ असताना. शेवटच्या दोन दिवसांत सिस्टर रोज आल्या. नळीनं भरवणं कमी करा म्हणाल्या, कारण शरीर आता घेत नाही आणि छातीत घरघर वाढते. ओठ ओल्या कापसानं पुसत राहा. स्मशानाची व्यवस्था, कागदपत्रं, नगरपालिकेत जाणं, हे सगळं मास्तरांनी ह्यांच्याबरोबर फिरून केलं. दिवस झाल्यावर, आम्ही गावाहून परतल्यावर, सिस्टर आणि चेची पुन्हा आल्या. पेशंट नसताना. चहा घेतला, धाकटीला जवळ बसवलं, मी झोपते का ते विचारलं.

आता आपल्या महाराष्ट्राचं. तिकडं काहीच नाही असं म्हणणं बरोबर नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना मोफत सांभाळतं, देशातली ती पहिली अशी संस्था. गोव्यातही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून मोफत चालतं. राज्य सरकारनंही 2012 साली धोरण आणलं. पण खानापूर तालुक्यातल्या वाडीवरून पुण्या-मुंबईला पोचायचं कुणी आणि कसं? आबांसाठी गावाकडं चौकशी केली तेव्हा मेडिकलच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत मॉर्फीन कुठं मिळेल हे कुणाला सांगता आलं नव्हतं.

केरळात असाल तर आधी आपल्या पंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पॅलिएटिव्ह नर्सचा नंबर विचारा, आशाताईंनाही माहीत असतो. हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि चालू औषधांच्या पट्ट्या तयार ठेवा. पेशंटला गावी न्यायचं असेल तर तारीख आधी सांगा, म्हणजे मॉर्फीनची पुरेशी बेगमी आणि सोबत न्यायचं पत्र मिळतं.

आणि गलाईवाल्यांनो, आपण गावाकडं देवळांचे कळस केले, शाळांच्या खोल्या बांधल्या, जत्रेला लाखांनी वर्गण्या दिल्या. विट्याच्या आसपास अशी एक गाडी आपण चालवू शकतो, याची मला खात्री आहे. ह्यांनी पालक्काड आणि त्रिशूरच्या काही जणांशी बोलणं केलंय, दिवाळीला सगळे गावी जमू तेव्हा बसायचं ठरलंय. कोझिकोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये डॉक्टर-नर्सना शिकवतात. पैसे जमले की पहिल्यांदा आपल्या भागातला एक डॉक्टर आणि एक सिस्टर तिथं पाठवायची, गाडी त्यानंतर घ्यायची, असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीत मांडणार आहे.